एकच कंपनी, पाच खाती

हॉल, रिसॉर्ट, घरगुती निवास चालवणाऱ्या वाचकांची पत्रं या सदरात घेतो. उत्तरं देते ती मी, बावीस वर्षं मुरुडच्या किनाऱ्यावर एका हॉटेलात बुकिंगच्या टेबलावर बसलेली. मुरुड म्हणजे दापोलीजवळचं, जंजिऱ्याचं नव्हे. हे मुद्दाम का सांगतेय ते पुढे येईलच.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. गुहागर तालुक्यात समुद्राला लागून आमचं लहानसं रिसॉर्ट आहे. चोवीस खोल्या आणि शंभर माणसांचा एसी हॉल. पूर्वी लग्न, मुंजी, साठीशांती हेच असायचं. आता पुण्या-मुंबईच्या कंपन्या दोन-तीन दिवसांच्या मीटिंगा घेऊन येतात, लोट्याहून आणि जयगडकडून ट्रेनिंगची बुकिंगं येतात. मुलानं बुकिंगचं सॉफ्टवेअर घेतलं. वर्षभरात त्यात कंपन्यांच्या नोंदींचा पार गोपाळकाला झाला. एकच कंपनी पाच नावांनी सापडते. जुना रेट कुठला, बाकी किती, काही कळत नाही. गेल्या महिन्यात तर एका कंपनीचं बिल त्यांच्या बंगळूरच्या जीएसटी नंबरवर काढलं गेलं, त्यांनी ते परत पाठवलं आणि पैसे अडकले. मुलगा म्हणतो सॉफ्टवेअर बदलू. मी म्हणतो वही बरी होती. तुमचं मत काय?
– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : भाऊ, मत विचारलंत म्हणून सांगते, दोघांचंही ऐकू नका. सॉफ्टवेअर बदललंत तर हाच काला नव्या भांड्यात ओताल आणि वर्षाचे पैसे पुन्हा भराल ते वेगळेच. वहीबद्दल मलाही माया आहे. माझी लाल कापडी बांधणीची लांबट चोपडी होती. तिच्यात ‘पुणेवाले टकले साहेब, हॉल + १२ रूम, मागचाच रेट’ एवढंच लिहिलेलं असे. मला ते वाचलं की चेहरा, कंपनी, राहिलेले साडेचार हजार, सगळं डोळ्यांपुढे उभं राही. पण मी बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हा काउंटरवरचा मुलगा त्या ओळीकडे बघत बसला. साहेब आले, मागचाच रेट मागितला, आणि मागचा रेट काय ते साहेबच सांगणार! त्यांनी सांगितला, यानं लावला. मी परत आल्यावर हिशेब जुळवला तेव्हा लक्षात आलं, साहेबांनी स्वतःवर बऱ्यापैकी दया केली होती.

तुमच्या सॉफ्टवेअरचा दोष फारसा नसणार. अशा बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तीन कप्पे वेगळे असतात : अकाउंट म्हणजे कंपनी, कॉन्टॅक्ट म्हणजे माणूस, आणि बुकिंग म्हणजे तो कार्यक्रम. घाईत होतं काय, फोन येतो आणि आपण थेट नवं बुकिंग उघडून नावाच्या जागी जे सुचेल ते टाकतो. कुणी ‘प्रायव्हेट लिमिटेड’ पूर्ण लिहितं, कुणी ‘प्रा.लि.’, कुणी नुसतं ‘चाकणवाले’. एखादा एचआरच्या मॅडमचंच नाव कंपनीच्या जागी टाकून मोकळा होतो. सॉफ्टवेअरच्या लेखी ही चार वेगळी गिऱ्हाइकं. तुमची बाकी चार तुकड्यांत विभागली जाते, आणि चारही तुकडे लहान दिसतात म्हणून तगादा कुणीच लावत नाही.

तेव्हा नावावरून कंपनी ओळखायची सवय सोडा आणि जीएसटी नंबरवरून ओळखा. हा नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे : महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गुजरात २४, गोवा ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या कंपनीचा पॅन. त्यापुढचं एक अक्षर त्या पॅनवर त्याच राज्यात कितवी नोंदणी आहे ते सांगतं, मग बहुधा ‘झेड’, आणि शेवटचं अक्षर पडताळणीचं. नावाचं स्पेलिंग शंभर तऱ्हांनी चुकेल, पण मधली दहा अक्षरं एका कंपनीची एकच असतात.

मी हे काम एका जुलैत केलं. बाहेर पाऊस कोसळत होता, हॉटेल रिकामं. सॉफ्टवेअरमधून सगळ्या कंपन्यांची यादी एक्सेलमध्ये काढली. चारशेच्या आसपास ओळी निघाल्या. जीएसटी नंबरच्या रकान्याशेजारी एक नवा रकाना केला आणि त्यात तिसऱ्या अक्षरापासून दहा अक्षरं उचलून आणली. एक्सेलमध्ये ‘मिड’ नावाचा फॉर्म्युला आहे, तुमच्या मुलाला ठाऊक असेल. मग त्या रकान्याच्या क्रमानं यादी लावली. एकाच पॅनच्या ओळी एकाखाली एक येऊन बसल्या आणि मला अक्षरशः घाम फुटला. एक कंपनी सात वेळा होती. त्यातल्या दोन नोंदींवर प्रत्येकी दोन वर्षांपूर्वीचं डिपॉझिट जमा दिसत होतं, आणि तिसऱ्या नोंदीवर आम्ही त्याच कंपनीला थकबाकीची पत्रं धाडत होतो. जिथे जीएसटी नंबरच नव्हता तिथे मोबाईल नंबर आणि ईमेलमधला ‘अ‍ॅट’च्या पुढचा भाग कामाला आला. दोन दुपारी नि एक संध्याकाळ गेली. चारशेच्या दीडशे झाल्या.

पण यादी दिसली रे दिसली की ‘मर्ज’चं, म्हणजे नोंदी एकत्र करायचं, बटण दाबत सुटू नका. बहुतेक ठिकाणी मर्ज केलेलं परत सुटं होत नाही. आधी सगळ्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा. पॅन एक पण राज्याचा आकडा वेगळा असेल, तर ती दुबार नोंद नव्हे, त्या कंपनीची वेगळ्या राज्यातली नोंदणी आहे. तिला मूळ कंपनीच्या पोटात शाखा म्हणून ठेवायचं. उलट, नाव सारखं दिसतंय, समूह एकच आहे, पण पॅन वेगळा आहे, तर ती कायद्यानं वेगळी कंपनी. त्यांचा कारखाना आणि त्यांचीच सॉफ्टवेअर शाखा एकत्र केलीत तर एकाची उधारी दुसऱ्याच्या माथी जाईल. आणि पुण्याची एखादी इव्हेंटवाली एजन्सी कंपनीच्या वतीनं बुकिंग आणत असेल, तर एजन्सीचं खातं वेगळं ठेवा आणि बुकिंगवर दोन्ही नावं जोडा. बिल कुणाच्या नावानं आणि पैसे कुणाकडून, हे तारीख पक्की करतानाच ईमेलवर लिहून घ्या. एजन्सी म्हणते कंपनी देईल, कंपनी म्हणते एजन्सीला दिले, आणि आपण किनाऱ्यावर लाटा मोजत बसतो.

आता तुमचं बंगळूरचं बिल. हे माझ्याही हातून झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. एचआरच्या बाईंच्या ईमेलखाली बंगळूरचा पत्ता होता, मी तोच उचलला. कार्यक्रम झकास झाला, बिल गेलं, आणि महिन्याभरानं ‘महाराष्ट्राच्या नंबरवर काढून द्या’ म्हणून परत आलं. त्याचं कारण असं. हॉल, खोल्या आणि त्यात होणारा समारंभ यांच्या बाबतीत जीएसटीत सेवेची जागा म्हणजे ती वास्तू जिथे उभी आहे ती जागा. गिऱ्हाईक बंगळूरचं असो की गुवाहाटीचं, तुमचा हॉल गुहागरात, म्हणून कर लागणार तो महाराष्ट्राचा, म्हणजे सीजीएसटी (केंद्राचा वाटा) आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा). कर्नाटकातल्या नोंदणीला महाराष्ट्राच्या त्या कराची वजावट मिळत नाही, म्हणजे तो कर त्यांना स्वतःच्या करातून वळता करता येत नाही. कराचे पैसे पाण्यात जाणार म्हटल्यावर त्यांचे अकाउंट्सवाले बिल घेतीलच कशाला? मोठ्या कंपनीची पुण्यात किंवा मुंबईत नोंदणी बहुधा असतेच, तीच मागायची. नसेल, तर वजावट मिळणार नाही हे त्यांना आधीच कळवायचं. आता झालेल्या बिलाला क्रेडिट नोट, म्हणजे ती रक्कम वजा करणारा कागद, काढा आणि नवं बिल द्या, पण तुमच्या सीएंना विचारून, कारण तुमच्या रिटर्नमध्ये ते कधी गेलंय त्यावर पुढचं अवलंबून आहे. जुन्या बिलावर नुसतं पेनानं खाडाखोड करून पाठवू नका. हसू नका, मी पाठवलं होतं.

यावर उपाय एवढाच, की कंपनीच्या खात्यात ‘बिलाचा पत्ता आणि जीएसटी नंबर’ हा रकाना सक्तीचा करून टाका, आणि तो भरल्याशिवाय बुकिंग ‘कन्फर्म’ होऊच नये असं सॉफ्टवेअरवाल्याकडून लावून घ्या. नंबर फोनवर ऐकून लिहायचा नाही. त्यांच्याकडून नोंदणीचं प्रमाणपत्र मागवायचं आणि नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून नाव जुळतंय का ते बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

माणसांचं मात्र जरा नाजूक असतं. एका कंपनीत आपल्याला तीन माणसं लागतात. तारीख ठरवणारी एचआरची, गाडीत बसून सोबत येणारा अ‍ॅडमिनचा, आणि पैसे सोडणारा अकाउंट्सचा. तिघं एकमेकांशी बोलतात असा भ्रम बाळगू नका. तिघांची नावं-नंबर वेगळे नोंदवा आणि पुढे त्यांचं काम लिहा. रात्री अकराला बस कुठे अडकली हे विचारायला एचआरच्या बाईंना उठवायचं नसतं. एखाद्यानं नोकरी सोडली तर त्याची नोंद खोडून वर नव्या माणसाचं नाव लिहू नका. जुन्या नोंदीवर ‘आता या कंपनीत नाही’ अशी खूण करा आणि नव्या माणसाची नवी नोंद करा. गेलेला माणूस नव्या कंपनीतून फोन करतो, तेव्हा नंबर झळकतो आणि आपल्याला कळतं, यांना समुद्राकडची खोली लागते. आमच्याकडे एका बाईंनी तीन नोकऱ्या बदलल्या आणि तीनही कंपन्या आमच्याकडे आणल्या. खोडलं असतं तर त्या मला दर वेळी नव्याच वाटल्या असत्या.

शेरे लिहायचा मोठा रकाना असतो, त्यात बहुतेक लोक ‘चांगली पार्टी’ असं लिहितात. त्याचा काही उपयोग नाही. मी काय लिहायचे ते सांगते. ‘जैन जेवण १४, कांदा-लसणाशिवाय वेगळं पातेलं.’ ‘श्रावणात येतात, सोमवारी निम्मे लोक उपासाचे, साबुदाणा खिचडी जास्त.’ ‘साहेब भाषण लांबवतात, जेवण नऊऐवजी पावणेदहाला लावा, भाकऱ्या उशिरा टाका.’ ‘पन्नास सीटर बस खाली उतरत नाही, वरच्या नाक्यावर थांबवून आपल्या गाडीनं सामान आणा.’ आणि एक खास कोकणातला शेरा. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. सॉफ्टवेअरमधला तयार मेनू बारा महिने सुरमई-पापलेट छापत राहतो, कंपनी तो बघून हो म्हणते, आणि जुलैत ताटात बर्फातला मासा दिसला की तक्रार आपल्या नावावर. मी पावसाळ्याचा मेनू वेगळाच करून घेतला होता : कोंबडी-वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, अळूचं फदफदं, आणि खाडीतलं जे मिळेल ते ‘मिळाल्यास’ असं लिहून.

आता मुरुडचं. एका कंपनीच्या ड्रायव्हरनं मोबाईलवर ‘मुरुड’ टाकलं आणि बस थेट जंजिऱ्याच्या मुरुडला नेऊन उभी केली. बेचाळीस माणसं जंजिऱ्याकडे बघत उभी आणि आमच्याकडे मोदक निवतायत. दोष कुणाचा? माझा. कन्फर्मेशनच्या पत्रात मी नुसतं ‘मुरुड’ छापत होते. त्या दिवसापासून ‘मुरुड-हर्णै, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी’ आणि खाली नकाशाची लिंक. तुम्हाला हा त्रास नसला तरी दाभोळ-धोपावे फेरीबोटीचा असेल. दापोलीच्या बाजूनं येणाऱ्यांना फेरीबोटीचं वेळापत्रक आणि शेवटची बोट कधीची, हे पत्रातच घाला.

तारखा धरून ठेवण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. कंपन्या ‘टेंटेटिव्ह’, म्हणजे कच्ची, म्हणून तारीख अडकवतात आणि विसरतात. सॉफ्टवेअरमध्ये अशा नोंदीला मुदत घालता येते, मुदत संपली की तारीख आपोआप सुटते. मी एकदा भिडेखातर मुदत वाढवत राहिले, डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता, दापोलीच्याच एका घरचं लग्न परत पाठवलं. कंपनीनं आदल्या आठवड्यात ‘बजेट आलं नाही’ कळवलं. त्या घरातल्या बाई अजूनही बाजारात भेटल्या की तोंड फिरवतात.

वहीचं एक मात्र राखा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस ना वीज ना फोनला रेंज. ढगात, म्हणजे इंटरनेटवरच्या ‘क्लाउड’मध्ये, साठवलेलं सगळं सुखरूप होतं म्हणतात, पण मला इथे बसून त्यातली एक ओळ दिसत नव्हती. पुढच्या तारखांच्या कंपन्यांना कळवायचं होतं, नंबर कुठे? आदल्या आठवड्यात छापून भिंतीला लावलेला एक कागद ओला होऊन चिकटला होता, त्यावरून नंबर उतरवले. तेव्हापासून दर सोमवारी पुढच्या पंधरा दिवसांची यादी छापून प्लॅस्टिकच्या पिशवीत. तुमच्या मुलाला हसू येईल. येऊ दे.

प्रश्न : आम्ही कंपनीला १,१८,००० रुपयांचं बिल दिलं, खात्यात १,१६,००० आले. सॉफ्टवेअर दोन हजार बाकी दाखवतं. कंपनी म्हणते पूर्ण दिले. भांडायचं का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : भांडू नका, ते दोन हजार टीडीएस आहेत, म्हणजे कंपनीनं तुमच्या पैशातून आधीच कापून तुमच्या नावे सरकारात भरायचा प्राप्तिकर. तुमचं मूळ बिल एक लाखाचं, त्यावर अठरा हजार जीएसटी. कंपनीनं मूळ लाखावर दोन टक्के कापले. बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असेल तर त्यावर टीडीएस कापत नाहीत, म्हणून आकडा बरोबर दोन हजार. टक्का कामाप्रमाणे बदलतो, केटरिंगचा वेगळा, नुसत्या हॉलभाड्याचा वेगळा, तेव्हा बिलात हे वेगळे दाखवायचे का ते सीएंना विचारा. सॉफ्टवेअरमध्ये पैसे जमा करताना ‘रोख’, ‘बँक’ यांच्या जोडीला ‘टीडीएस’ असा प्रकार करून ठेवा, आणि ते दोन हजार त्यात जमा दाखवा. ‘डिस्काउंट’मध्ये टाकू नका. तुमच्या आधीच्या मॅनेजरनं टाकले असतील, एकदा शोधा. मग प्राप्तिकराच्या पोर्टलवर तुमच्या पॅनखाली ते दिसतायत का बघा. कापले पण भरले नाहीत असंही घडतं, आणि तेव्हा मात्र भांडा.

प्रश्न : मालवणला माझ्या सहा खोल्या आहेत. एका कंपनीनं व्हेंडर फॉर्म, रद्द केलेला चेक, उद्यम नोंदणी असं काय काय मागितलंय. मुलगी म्हणते सॉफ्टवेअर घेऊया. घेऊ का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : बाई गं, सहा खोल्यांना नको. एक्सेलची एक फाइल पुरे : एका पानावर कंपन्या, दुसऱ्यावर माणसं, तिसऱ्यावर तारखा. तीन पानं मात्र वेगळीच. कागद मागितलेत ते द्या, घाबरायचं कारण नाही, मोठ्या कंपन्यांत व्हेंडर कोड, म्हणजे त्यांच्या पुरवठादारांच्या यादीतला नंबर, मिळाल्याशिवाय पैसे निघत नाहीत. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट होते, पैसे मागणाऱ्या वेबसाइटवर जाऊ नका. आणि तिचा तुम्हालाच फायदा आहे. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे कंपनीनं लेखी ठरलेल्या मुदतीत, तेही जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, आणि लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवसांत. बिलावर उद्यम क्रमांक छापा. मालवणी माणसाला पैसे मागायला लाज वाटते, तो क्रमांक आपल्या वतीनं मागतो.

प्रश्न : कंपनीच्या साहेबांचे वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस नोंदवून ठेवायला सॉफ्टवेअर सांगतं. नोंदवावेत का? आपोआप शुभेच्छाही जातात.
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : मी नोंदवत नाही. वैयक्तिक डिजिटल माहितीबद्दल २०२३ चा कायदा आहे, कामापुरतीच आणि विचारून घ्यावी, हे त्याचं सूत्र. हॉलच्या बुकिंगला लग्नाचा वाढदिवस लागत नाही. पण माझं कारण ते नाही. पूर्वी आम्हीही ती सोय चालू ठेवली होती. दर वर्षी मे महिन्यात डीलर मीट घेऊन येणारे एक गृहस्थ होते, निघताना स्वयंपाकघरात जाऊन आचाऱ्याच्या हातावर पन्नास रुपये ठेवून यायचे. त्यांना मेसेज गेला, ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, या वर्षीही आपली वाट बघतोय.’ संध्याकाळी त्याच नंबरवरून फोन आला. त्यांच्या मिसेस होत्या. म्हणाल्या, ते फेब्रुवारीत गेले, पण मेसेज वाचून बरं वाटलं, तुमच्याकडच्या सोलकढीचं नाव काढायचे. मी काय बोलले आठवत नाही. फोन ठेवला आणि ती सोय बंद केली.